पंचवीस शिलिंगांचा संशोधक : मायकेल फॅरडे



शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. पिकलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर आठ्या, खाण्यापिण्याची शुद्ध नाही आणि हसण्याखेळण्याशी तर सात जन्मांचे वैर! क्रमिक पुस्तकांतील चित्रेही बहुधा म्हातारपणचीच असतात. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की हे आपले काम नव्हे, आणि पालकांना वाटते की मुलगा हसला, खेळला, गायला की त्याचा अभ्यास बुडालाच म्हणून समजावे. या दोन्ही समजुती किती फोल आहेत, हे ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते अशा एका तरुणाची ओळख मी आज आपणांस करून देणार आहे. त्याचे नाव मायकेल फॅरडे. त्याचे मोठे शोध आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचताच. येथे सांगावयाचे आहे ते निराळेच. ऐन विशी-तिशीत, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साधा मदतनीस असताना हा तरुण दिवसभर काय करी, संध्याकाळ कोठे घालवी, त्याला पगार किती मिळे आणि त्याचे मन कशात रमे, एवढेच आपण पाहू.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत, पण प्रकृती नेहमी तोळामासा. घरात चार मुले. 1801 मध्ये धान्य फार महागले, तेव्हा आई मायकेलच्या वाट्याला आठवड्याची म्हणून एक पाव देत असे, आणि तोच त्याने सात दिवस पुरवावयाचा. शाळा म्हणाल तर वाचणे, लिहिणे आणि थोडा हिशेब, एवढीच. 1804 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोचविणे व वाचून झाल्यावर ती परत आणणे हे त्याचे काम. मुलाचा प्रामाणिकपणा पाहून मालकाने पुढच्या वर्षी एक पैसा न घेता त्याला पुस्तकबांधणी शिकविण्याचे कबूल केले. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

आता पाहा, बांधणीला आलेली पुस्तके इतर मुलेही शिवत होतीच. मायकेल मात्र शिवता शिवता ती उघडून वाचू लागला. मिसेस मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याच्या हाती आले. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेखही त्याला तेथेच सापडला. वाचले ते खरे की खोटे, हे करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आठवड्याला चार-दोन पेन्स वाचवून तो सामान आणी आणि प्रयोग करून पाही. त्याच घरात मास्केरिए नावाचे एक चित्रकार बिऱ्हाडाने राहात होते. मायकेल त्यांची खोली झाडी, बुटांना पॉलिश करी आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून चित्रकला शिके. उपकरणांच्या सुबक आकृत्या काढण्याची कला त्याने मिळवली ती अशी.

शहरात टाटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी विज्ञानावर व्याख्याने देत. प्रवेश फी व्याख्यानाला एक शिलिंग. मायकेलजवळ कुठला शिलिंग! मोठा भाऊ रॉबर्ट हाही वडिलांप्रमाणेच लोहार. त्याने आपल्या मजुरीतून ते शिलिंग दिले. पालकहो, जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात या लोहाराच्या शिलिंगांची नोंद व्हावयास हवी असे मला मनापासून वाटते. 1810 मध्ये वडील वारले. तरीही भावाने धाकट्याला, आता हे नाद पुरे, असे म्हटले नाही.

1812 च्या जुलै महिन्यात मायकेलने आपल्या बेंजामिन ॲबट या मित्राला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात काय होते? तर त्याने खिशातील सात अर्धपेन्या, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे तुकडे एकावर एक रचून वीज निर्माण केली आणि तिच्या साहाय्याने एका क्षाराचे विघटन केले, त्याची हकीगत. नवे खेळणे मिळालेल्या मुलाचा आनंद त्या पत्रात ओसंडून वाहतो आहे. त्याचे सगळे यंत्र साडेतीन पेन्सांच्या नाण्यांवर उभे होते.

त्याच वर्षी दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे सोडियम व पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी करून दाखविणारे, त्या काळचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वरच्या सज्जात बसून मायकेलने ती ऐकली, टिपणे काढली, आकृत्यांसह ती पुन्हा सुवाच्य लिहिली, स्वतःच बांधली आणि वर्षाच्या अखेरीस डेव्हींकडे पाठवून काम मागितले. डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले, पण जागा रिकामी नव्हती. आपला धंदा सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे थोड्याच आठवड्यांत संस्थेतील मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकण्यात आले आणि मायकेलला निरोप आला.

येथे क्षणभर थांबून विचार करा. हा तरुण आता पुस्तकबांधणीतला तयार कारागीर होता. हातात कसब होते. नव्या मालकाला मूलबाळ नव्हते. राहिलास तर पुढे सारे तुझेच, असे त्याने सुचविले होते असे सांगतात. घरी विधवा आई, धाकटी बहीण. दुसरीकडे आठवड्याला पंचवीस शिलिंग म्हणजे सव्वा पौंड, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. मायकेलने दुसरी वाट धरली. 1 मार्च 1813 रोजी, एकविसाव्या वर्षी, तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला.

कामे काय होती? व्याख्यात्यांना मदत करावयाची, उपकरणे सभागृहात नेऊन मांडावयाची, परत आणावयाची, ठरलेल्या दिवशी ती पुसून लख्ख ठेवावयाची, काही मोडले-तुटले तर कळवावयाचे. एका अर्थी शिपायाचेच काम. पण डेव्हींनी लवकरच त्याला प्रयोगांतही घेतले. कधी बीटापासून साखर काढ, कधी दुर्गंधी सुटलेले कार्बन डायसल्फाइड तयार कर. आणि एक काम तर जिवावरचे होते. नायट्रोजन व क्लोरीन यांचे एक संयुग इतके स्फोटक असते की किंचित धक्क्यानेही ते फुटते. तोंडावर काचेचे मुखवटे चढवून गुरुशिष्य त्यावर काम करीत. एकदा मायकेलच्या बोटांत धरलेली नळीच फुटली. हात फेकला गेला, नखाचा तुकडा उडाला, काचा मुखवट्यावर आदळल्या. हेही त्याने मित्राला पत्रात कळविले, आणि तेही गंमत सांगावी अशा थाटात!

त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासाला निघाली. डेव्हींच्या खाजगी नोकराने ऐनवेळी येण्यास नकार दिला, तेव्हा त्याची कामे तात्पुरती म्हणून मायकेलवर आली आणि ती अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहिली. डेव्हींची पत्नी श्रीमंत आणि मानी. ती त्याला नोकरासारखे वागवी. अपमान इतके झाले की सारे सोडून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो परतला नाही. कारण दुसऱ्या बाजूला जे मिळत होते ते कोणत्याही शाळेत मिळाले नसते. समुद्रशेवाळाच्या राखेतून निघालेला आणि तापविताच जांभळी वाफ सोडणारा एक नवा पदार्थ पॅरिसमध्ये डेव्हींच्या हाती आला. ते आयोडीन होते, आणि डेव्ही त्याची परीक्षा करीत असताना मायकेल शेजारी उभा होता. 1814 मध्ये फ्लॉरेन्स येथे मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून त्यांनी हिरा जाळला आणि हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच, हे पडताळून पाहिले. प्रवासात तो फ्रेंच आणि इटालियन भाषा शिकला, व्हेसूव्हियस ज्वालामुखीवर चढला.

आणि मौजही केली! 1815 साली रोममध्ये कार्निव्हलचा उत्सव चालला होता. आमचा हा प्रयोगशाळेतला मदतनीस रात्रीचा झगा आणि झोपण्याची टोपी घालून मुखवट्यांच्या मेळाव्याला गेला आणि ओळखीच्या लोकांना चकवून त्यांची खूप फजिती केली. दिवसा नोकरासारखी वागणूक सोसणारा हा तरुण रात्री इतका खळखळून हसू शकत होता. कडवटपणा मनात साठू न देण्याची ही युक्ती प्रत्येकाने शिकण्यासारखी आहे.

1815 च्या एप्रिलमध्ये तो लंडनला परतला. पगार तीस शिलिंग झाला. आता त्याचा आठवडा पाहा. दिवसभर प्रयोगशाळा. सोमवारी संध्याकाळी संस्थेच्या सभासदांची शास्त्रीय बैठक. मंगळवार व शुक्रवार सहा ते नऊ एका विद्यार्थ्याची शिकवणी. बुधवारी सिटी फिलॉसॉफिकल सोसायटी, म्हणजे टाटम यांच्या घरी भरणारे तरुणांचे अभ्यासमंडळ. तेथे 1816 पासून तो स्वतः रसायनशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. गुरुवार तेवढा मोकळा. शनिवारी स्वतःची किरकोळ कामे. रविवारी प्रार्थना. याशिवाय पाच-सहा मित्र कधी त्याच्या माळ्यावरील खोलीत, तर कधी मॅग्राथ नावाच्या मित्राच्या वखारीत जमत, मोठ्याने वाचत आणि एकमेकांचे उच्चार व व्याकरण निर्दयपणे सुधारीत. कोणी कोणाची भीडभाड ठेवीत नसे, रागही धरीत नसे. हा क्रम काही वर्षे चालला. विद्यार्थी मित्रहो, आपली भाषा अशुद्ध आहे, उच्चार गावठी आहेत, म्हणून चारचौघांत तोंड उघडावयास आपण लाजतो. फॅरडेही लोहाराचाच मुलगा होता. फरक इतकाच की, हसणाऱ्या लोकांपासून दूर पळण्याऐवजी त्याने सुधारणारे मित्र जवळ केले. पुढे वक्तृत्वाचे धडेही त्याने पैसे देऊन घेतले.

आणि हे पैसे कोठून येत? त्या तुटपुंज्या पगारातूनच. त्यातूनच तो आईला मदत करी. धाकटी बहीण मार्गारेट हिच्या शाळेचा खर्चही त्याने उचलला होता आणि त्यासाठी तो काही काळ एक दिवसाआड जेवत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. भावाने त्याला शिलिंग दिले, त्याने बहिणीला दिले. मिळालेले पुढे पोचवावयाचे, हा त्या गरीब घराचा शिरस्ता होता.

आता त्याच्या आवडीनिवडींकडे वळू. त्याला संगीताची गोडी होती. तो बासरी वाजवी, आणि चार जण मिळून गाऊ लागले की खालच्या पट्टीचा सूर धरी. पायी भटकण्याची त्याला फार हौस. 1819 च्या उन्हाळ्यात त्याने वेल्समधील डोंगर आणि तांब्या-लोखंडाचे कारखाने पायी हिंडून पाहिले. आकाशात विजा चमकू लागल्या की तो खिडकीतून हलत नसे. स्टोडार्ट नावाच्या कारागिरासह तो पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहात होता, तेव्हा त्या नव्या पोलादाचे वस्तरे करवून त्यांनी मित्रांना भेट दिले.

एक फजितीही सांगितली पाहिजे. आपल्या वहीत त्याने कधी काळी एक कविता लिहून ठेवली होती. प्रेम म्हणजे माणसामागे लागलेली केवढी मोठी पीडा, असा तिचा आशय. एडवर्ड बर्नार्ड या मित्राने ती आपल्या बहिणीला, सारा हिला सांगितली. पुढे तिच्याशीच विवाह करण्याची मायकेलला इच्छा झाली, तेव्हा तिने ती कविता दाखवावयास सांगितले! बिचाऱ्याला पहिली कविता मागे घेण्यासाठी दुसरी लिहावी लागली. 12 जून 1821 रोजी दोघांचा विवाह झाला. लग्नाचा म्हणून काही थाटमाट नको, तो दिवस इतर दिवसांसारखाच जावा, ही त्याची इच्छा होती. संसार त्याच संस्थेच्या वरच्या खोल्यांत सुरू झाला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, 3 सप्टेंबर 1821 रोजी, त्याने एका भांड्यात पारा घेतला, त्यात लोहचुंबक उभे केले आणि वरून एक तार लोंबती सोडली. तारेतून वीज जाऊ लागताच ती चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. आज आपल्या घरातील पंख्यापासून कारखान्यातील यंत्रांपर्यंत जेवढ्या विजेच्या मोटारी फिरतात त्यांचे मूळ या प्रयोगात आहे. हे दृश्य पाहून फॅरडेने काय केले? शेजारी त्याचा चौदा-पंधरा वर्षांचा मेहुणा जॉर्ज उभा होता. दोघे आनंदाने टेबलाभोवती नाचले, आणि संध्याकाळी फॅरडे त्या पोराला घेऊन ॲस्टलीच्या प्रसिद्ध सर्कशीत घोड्यांच्या कसरती पाहावयास गेला!

हाच जॉर्ज पुढे चित्रकला शिकत असताना जेवावयास त्यांच्याकडे येई. जेवण झाले की खेळ सुरू. कधी चेंडू, तर कधी गोट्यांऐवजी चेस्टनटच्या बिया. फॅरडे मुलांइतकाच रंगून जाई आणि बहुधा सर्वांना हरवी. त्या काळी व्हेलॉसिपीड नावाचे, आजच्या सायकलीचा पूर्वज म्हणावे असे वाहन नुकतेच निघाले होते. त्यावर बसून ही मंडळी संस्थेच्या व्याख्यानगृहाभोवती फेऱ्या मारीत. जेथे दिवसा विद्वानांची व्याख्याने व्हावयाची, तेथे संध्याकाळी संशोधकाची स्वारी चाकांवर गोल फिरत आहे, हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा!

पण वाचकहो, यावरून त्याचे आयुष्य म्हणजे नुसती मौज होती असे समजू नका. 1821 च्या त्याच प्रयोगावरून, वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना त्याने चोरली, अशी कुजबूज सुरू झाली. ज्याच्याजवळ घराणे नाही, पदवी नाही, त्याच्याजवळ नावाशिवाय दुसरे काय असते? फॅरडे घाबरून गप्प बसला नाही की वर्तमानपत्रात भांडला नाही. तो सरळ वुलस्टन यांना भेटला आणि समोरासमोर खुलासा केला. वुलस्टन यांच्या मनात किंतु राहिला नाही. 1823 मध्ये बंद नळीत क्लोरीन वायूचे काम चालू असताना एक डॉक्टर स्नेही आले आणि नळीत तेलकट थेंब पाहून, घाणेरड्या नळ्या वापरतोस, म्हणून त्याची थट्टा करून गेले. फॅरडेने नळीचे टोक कानशीने घासताच स्फोट होऊन तेल नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना चिठ्ठी गेली की ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होते. त्याच महिन्यात अशाच एका स्फोटात त्याच्या डोळ्यांत काचेचे तेरा कण गेले. 1824 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य निवडला गेला, तोही खुद्द गुरूचा, डेव्हींचा, विरोध असताना. तरीही डेव्हींविषयी त्याने कधी कृतघ्नतेचा शब्द काढला नाही.

1825 मध्ये, दिव्याचा वायू दाबून भरताना टाक्यांच्या तळाशी साचणाऱ्या टाकाऊ द्रवातून त्याने बेंझिन वेगळे केले. आज वरच्या वर्गांत आपण षट्कोन काढून ज्याच्याविषयी शिकतो तेच हे बेंझिन. रंग, औषधे, प्लॅस्टिक अशा कितीतरी उद्योगांत ते वापरले जाते. त्याच वर्षी तो प्रयोगशाळेचा संचालक झाला. बारा वर्षांपूर्वी जी उपकरणे तो पुसत होता, त्यांचाच आता तो प्रमुख होता.

या सुमारास त्याची एक लहान भाची त्यांच्याकडे राहावयास आली. फॅरडे काम करीत असे तेव्हा ती शिवणकाम घेऊन प्रयोगशाळेत अगदी मुकाट बसे. मधूनच तो तिच्याकडे पाहून मान हलवी, आणि तिला करमावे म्हणून पोटॅशियमचा कण पाण्यात टाकी. जांभळी ज्योत पाण्यावर नाचत जाई. स्वतःला मूल नसलेल्या या माणसाने पुढे नाताळच्या सुटीत मुलांसाठी किती तरी वर्षे व्याख्याने दिली. ही व्याख्यानमाला त्या संस्थेत आजही चालू आहे. 1831 मध्ये चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा शोध लागला आणि फॅरडे जगप्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता ते त्याने नाकारले. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्याचे निधन झाले.

पालकहो, मुलगा तारा, चकत्या, भिंगे गोळा करतो, बासरी फुंकतो, पावसात विजा पाहात उभा राहतो, तेव्हा रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ दोन मिनिटे बसून तो काय पाहतो आहे हे विचारा. आणि मुलगी शिकते आहे तर तिचे शिलिंग थांबवू नका. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला मात्र दुसरी गोष्ट सांगावयाची आहे. फॅरडेचा खेळ तेवढा उचलाल आणि त्याचा आठवडा विसराल, तर काही हाती लागणार नाही. तो मनसोक्त खेळला, कारण दिवसाचे काम त्याने चोख केलेले असे. आणि कामात तो थकला नाही, कारण ते काम त्याला खेळाइतकेच आवडत होते. आज रात्री आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर सोमवार ते रविवार असे सात वार लिहा, प्रत्येकापुढे आपली संध्याकाळ मांडा, आणि एक वार तेवढा त्याच्यासारखा मोकळा ठेवा.